घमेल्याखालचा ठसा

बी.ए.ला मी गुन्हेशास्त्र घेतलं, याचा पश्चात्ताप कधी झाला नाही. वैताग मात्र भरपूर आला. अभ्यासाचा नाही, तो अभ्यास म्हणजे काय हे सांगत बसण्याचा. माणूस गुन्हा का करतो आणि समाज कुणाला गुन्हेगार ठरवतो, असलं काहीबाही आम्ही हिंगोलीच्या कॉलेजात शिकायचो. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात त्याचा अर्थ एकच निघाला, पोरगी फौजदार होणार. बाबांनीच तो गावभर केला होता. मी खोडून काढायचे, ते पारावर जाऊन पुन्हा सांगायचे. शेवटी मीच थकले.

तिसऱ्या वर्षाचे पेपर तोंडावर आले होते. औंढ्यापर्यंत एसटीत उभ्यानं, पुढंही उभ्यानंच. फाट्यावर उतरले तर बाबा मोटारसायकल घेऊन हजर. एरवी न्यायला कधी येत नाहीत.

“घरी नगं, विहिरीवर चल,” ते म्हणाले. “काकाच्या पाण्याच्या मोटारीची केबल चोरीला गेली. सगळे तुझ्यासाठी थांबलेत.”

विहिरीवर निम्मं गाव होतं. चिखलात एक घमेलं पालथं घातलेलं, वर दगड. शेजारी हेच चुलतकाका राखणीला बसलेले. “सकाळपासून कुणाला हात लावू दिला न्हाई,” ते कौतुकानं म्हणाले आणि त्यांनी घमेलं उचललं. खाली चपलेचा एक ठसा होता, चांगला स्वच्छ. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“सांग आता, कुणाचा?”

मला तिथंच खाली बसावंसं वाटलं.

जरा बाजूला आमच्याकडे हळद शिजवायला आलेला मजूर उभा होता. परमुलखातला, बांधाला पाल टाकून राहिलेला. त्याला कुणी धरलं नव्हतं, तरी तो हलत नव्हता. मागं त्याची बायको, कोपरापर्यंत पिवळी. काका म्हणाले, “ह्याचं पाऊल ठिवून बघू. बराबर बसलं की झालं.”

ते बसलं असतं तर त्याला तिथंच मार पडला असता आणि आसपासच्या एकाही गावात पुन्हा काम मिळालं नसतं. हे कळायला पुस्तक लागत नाही. मी म्हणाले, “असल्या चपला आठवडी बाजारात ढिगानं मिळतात, काका. एका ठशावरून मला कुणाचं नाव सांगता येत न्हाई. पाऊल ठेवायचंच तर सगळ्यांनी ठेवा. आधी आपल्या माणसांनी.”

कुणी जागचं हललं नाही.

“आमी काहून ठेवायचं?” काका चिडले. “घरची केबल घरचेच नेऊन राहिले का?”

“हेच शिकवून राहिले का तिकडं?” मागून कुणीतरी म्हणालं.

उत्तर माझ्याकडे होतं, अख्खा धडाच होता. पण बोलायला त्राण नव्हतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात बाबा पुढं आले. माझ्याकडे न बघता त्यांनी ठशाशेजारी चिखलात चपलेसकट पाऊल दाबलं आणि उचललं. टाच, पंजा, तळाची नक्षी, सगळं सारखं.

“बसलं,” बाबा म्हणाले. “आता?”

काका घमेलं घेऊन घराकडं निघाले, मागोमाग बाकीचे पांगले. मजूर आपल्या कढईकडं गेला. मोटारसायकलवर मला बाबांचा एवढा अभिमान वाटत होता की बोलायला गेले तर रडू आलं असतं. तेच म्हणाले, “मला वाटलं होतं, तू नाव सांगशील.” आवाजात राग नव्हता. नुसते दमलेले होते, माझ्यासारखेच.

सकाळी बांधावर पाल नव्हतं. निम्मी हळद कच्चीच पडली होती. त्यांना जा असं कुणीच म्हटलं नव्हतं. चहाच्या टपरीवर निकाल लागला, पळाला म्हणजे चोरच. केबल पुढं कधी सापडली नाही. काका आजही त्या मजुराचा विषय काढतात, तेव्हा ‘तो चोर’ असंच म्हणतात.

खरं तर ठसा जुळला होता तो माझ्या बाबांचा. त्यांना आजवर कुणी चोर म्हटलेलं नाही.