सिरीयल संपल्यावरचा आवाज

आमच्या मिठबाव गावात सिरीयल संपली म्हणून टीव्ही बंद करायची कुणाची बिशाद नव्हती. नटांची नावं सरकून जायची, मग तंत्रज्ञांची, आणि अगदी शेवटी यायचा ‘नारळीबाग निर्मिती’चा लोगो. लाटेवर एक नारळ, खाली हाताने रंगवलेली, जराशी कललेली अक्षरं, आणि मागून दणदणीत आवाज, “व्हय म्हाराजा!” हा आवाज आमच्या हरिश्चंद्रकाकांचा. आमच्या दृष्टीने बाकीची सिरीयल म्हणजे त्याची प्रस्तावना.

कंपनी काढली ती आमच्याच गावच्या शंकरने. पहिल्या मालिकेचा मुहूर्त त्याने मुंबई सोडून गावच्या देवळात केला. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. एकाने देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला “व्हय म्हाराजा” म्हणून होकार भरायचा. गाऱ्हाणं घालायचा गावचा मानकरी भाई, आणि होकार भरणाऱ्यांत सगळ्यात पुढे हरिश्चंद्रकाका. काकांनी आंब्याच्या कलमांतून हाक मारली की होडीतला माणूस वळून बघायचा. शंकरने तो होकार टेपवर धरला आणि लोगोला चिकटवला.

झालं! काका एका रात्रीत कलाकार. तळेऱ्याच्या स्टँडवर लोक त्यांना चहा पाजत आणि एकदा ओरडून दाखवायला सांगत. काका दोनदा ओरडत.

पुढे शंकरची भरभराट झाली आणि लोगोला नवे कपडे चढले. सोनेरी अक्षरं गरगरत येऊ लागली, नारळ काचेचा झाला, आणि काकांचा आवाज छाटून नुसतं “राजा!” उरलं. गाव पेटलं. काकाच आम्हाला समजावत, “अर्धो तरी आसा मां रे!” त्यानंतरच्या लोगोत तेही गेलं. पांढरा पडदा, एक हिरवी रेघ आणि ‘टिंग’. एवढ्या मोठ्या कंपनीला मोरीत वाटी पडल्यासारखा आवाज पुरला! मला अजून त्या टिंगचा राग येतो. काका मग सिरीयल संपायच्या आधीच उठून अंगणात जात. आम्हीही त्यांना हाक मारत नसू.

आणि गेल्या मार्गशीर्षात शंकरची मुलगी रसिका काकांच्या दारात येऊन उभी राहिली. कंपनी आता तीच बघते.

“काका, नवा लोगो करतोय. तुमचा आवाज परत हवाय, पूर्ण. जुनी टेप खराब झाली, म्हणून नव्याने घ्यावा लागेल.” पोरगी सरळ होती, पुढचंही तिने लपवलं नाही. “मला आज संध्याकाळी निघायचंय. नाहीच जमलं तर मुंबईत एका कलाकाराकडून घेऊ.”

बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुपारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. काका इस्त्रीचा सदरा घालून माइकसमोर उभे राहिले, आणि तोंडातून निघालं ते एक खरखरीत, बारीक “व्हय म्हाराजा”. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. कुणी गरम पाणी आणलं, कुणी खडीसाखर. उन्हं उतरायला लागली आणि रसिका घड्याळाकडे बघू लागली.

“माझा वय झाला म्हणान नाय गो,” काका कळवळून म्हणाले. “कोणी मागूकच नाय, तर होकार कित्याक देवचो?”

खरंच होतं ते! पण भाईला जाऊन दोन वर्षं झालेली आणि हल्ली गाऱ्हाणं घालणारा अनिश देवगडला गेलेला. त्याचा फोन लागेना. रसिकाचा माणूस हळूच वायर गुंडाळायला लागला.

तेवढ्यात बायकांतून काशीकाकू उठल्या. हरिश्चंद्रकाकांची बायको. पदर खोचला आणि थेट देवासमोर. बाईमाणसाने आमच्या देवळात गाऱ्हाणं घातलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. शिवाय दुसरीच पंचाईत. गाऱ्हाण्यात माणसाचं नाव सांगावं लागतं, नाहीतर देवाने द्यायचं कुणाला? आणि काशीकाकूंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. ‘हे’, ‘आमचे’, फार तर ‘झिलाचो बापूस’, म्हणजे मुलाचा बाप. काकूंनी हात जोडले.

“बा देवा रामेश्वरा, चुकला माकला पदरात घे. ह्या मिठबावचा तुझा लेकरू…” काकू थांबल्या. “हरिश्चंद्र. हरिश्चंद्र आज तुझ्या पायाकडे उभो आसा. लोगोतून आवाज काढल्यापासून तो घरातसुद्धा धड बोलणा नाय. तेचो आवाज तेका परत दी, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

अहो, काय आवाज! वायरवाल्याने कानावरचे हेडफोन ओरबाडून काढले. कबुतरं उडाली. रसिका टाळ्या पिटत उड्या मारत होती, आणि मी, एवढा मोठा माणूस, शेजारच्याच्या गळ्यात पडून हसत होतो की रडत होतो, देव जाणे.

नवा लोगो पहिल्यांदा लागला त्या संध्याकाळी आम्ही सगळे काकांच्या ओटीवर होतो. निळी लाट, साधा नारळ. आधी काकूंचं “रे म्हाराजा” आणि त्यावर काकांचा सबंध होकार! ओटी दणाणली. पोरं नाचली. काका मात्र पडद्याकडे बघतच राहिले.

“गो,” ते हिरमुसून म्हणाले, “तू घेतलेला माझा नाव नाय इला तेच्यात.”

“नाय इला तर नाय,” काकू चहाचे कप गोळा करत म्हणाल्या. “माका जेका ऐकवचा होता, तेना ऐकला.”