धुऱ्यापलीकडची ओळ

पोरींनो, या अशा जवळ. ती खुर्ची राहू द्या, सतरंजीवर बसा. आणि आधी माझी बोलणी खा. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की हिंगणीच्या शांतामावशीकडे जायला तुमच्यात भांडणं व्हायची. तिच्या मांडवाखाली बसून कैऱ्या खाल्ल्यात, दात आंबवलेत. आणि तिचे याकोबराव गेल्यावर एकीलाही तिकडची वाट सापडेना? फोन करावा तर म्हणे बूथवर रांग असते. असू दे की रांग! माझे गुडघे बोलतात, डोळ्यांत मोतीबिंदू पिकतोय, तरी मी एकटी जाऊन आले ना?

आता मलाच विचारता, 'आक्का, तू तर मावशीला कायमची घेऊन येणार होतीस, मग एकटीच कशी परतलीस?' सांगते. पण मध्ये उठायचं नाही.

दिवाळी झाली आणि शेजारच्या बूथवर शांताचा निरोप आला. परत फोन लावला तर पलीकडून तिचा आवाज, विहिरीतून यावा तसा. "आक्का, मले घेऊन जा. भाजीचं वावर सिंधूले कसायला देऊन टाकते. तुयाजवळ जालन्याले राहीन."

"अगं, पण तुझं घर, तुझी उपासना, तुझी माणसं?"

"माणसं चांगली हायेत. पण इथं देव राह्यला नाई, आक्का."

हे वाक्य ऐकून मी तिथेच स्टुलावर बसले. आमच्या घरात शांता म्हणजे गाणारी. ती आणि याकोबराव पहाटे भाजी तोडताना दोघांत मिळून स्तोत्रं म्हणायचे. एक ओळ त्यांची, एक हिची. तिच्या तोंडून हे!

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. दोन लुगडी, बेसनाचे लाडू आणि माझी स्तोत्रसंहिता. तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं शिकले ती या स्तोत्रांवर बोट ठेवून. तुमचे अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून एकेक शब्द जुळवायची. एका स्तोत्रात स्तोत्रकर्ता रडतो, मी पण रडायची. पुढच्यात तो गातो, तोवर माझाही श्वास जरा मोकळा झालेला असायचा. अण्णा गेले, पण मी एकटी पडले असं मला कधी वाटलं नाही. तेव्हा मनात म्हटलं, मला जे पुरलं ते शांतालाही पुरेल. पिशवीत औषध घेऊन निघालेल्या वैद्यासारखी मी ऐटीत निघाले, खोटं कशाला बोलू!

जालन्याहून मनमाड, मनमाडहून वर्धा. वर्ध्याला उतरले तेव्हा हवेत गारवा होता आणि फलाटावर संत्र्यांचा वास. तिथून पॅसेंजर धरून सेलू रोडला उतरायचं, पुढे बस. इतकं सोपं. पण माझ्या समोर एक बाई बसली होती, मांडीवर पोपटाच्या शेंगांचं (आपल्याकडच्या वालाच्या) टोपलं. मी विचारलं या शेंगा कशा करता, आणि तिने सुरुवात केली. मीठ घालून उकडतात, मडक्यात भाजतात, सोलून वरणात टाकतात. मग तिच्या सुनेचं सुरू झालं, मग माझ्या सुनेचं. गाडी थांबली तेव्हा पाटी वाचली. सिंदी (रेल्वे). सेलू कधीच मागे गेलं होतं!

धडपडत उतरले. बाहेर कापसाच्या गाड्यांची ही रांग. बैलगाड्या, ट्रॅक्टर, सगळं पांढरं. रस्त्याच्या कडेच्या बाभळींनाही कापूस चिकटलेला, जणू झाडं म्हातारी झाली आहेत. एका किराणा दुकानासमोर मी पिशवी टेकली.

दुकानदाराने गादीवरूनच हाक दिली. "कुठी जाचं हाय, मावशी?"

"हिंगणीला."

"मंग इकडे काऊन उतरल्या? हिंगणीची वाट तं मागं राह्यली."

"बोलण्याच्या नादात राहिलं बाबा."

"आमच्या घरचीचं असंच हाय. तिले दुधाले धाडलं का दूध नासल्यावर येते." त्याने चहा मागवला, बसायला पोतं झटकून दिलं. मग सेलूकडे निघालेल्या एका जीपवाल्याला त्याने दटावलं, "मावशीले सेलूच्या स्टँडवर हिंगणीच्या गाडीत बसवून देजो. आन् हिच्यासंग बोलू नको, नाईतं तूही वाट चुकशीन." सगळे हसले, मीही हसले.

हिंगणीला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. समोर सागाचं जंगल, त्याच्यामागे निळसर टेकड्या. गावातून पुढे गेलं की बोर धरण. हवेला ओल्या मातीचा आणि सांभाराचा वास. (तिकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, इडलीबरोबरचं सांबार द्यायला सांगतायत.)

शांता दारात उभी होती. नुसती काठी झालेली. मला मिठी मारली, पण रडली नाही. आत गेले तर दाराआड पत्र्याची पेटी, सुताच्या दोरीने करकचून बांधलेली. निघण्याची तयारी झालेली.

रात्री तिने गोळाभात केला. भातात शिजवलेले हरभऱ्याच्या भरड्याचे गोळे, वरून लसणाच्या फोडणीचं गरम तेल. हाताची चव तीच होती. पण पूर्वी या घरात भाकरी थापतानाही गुणगुण असायची. आता नुसती थापण्याची थपथप.

सकाळी चहा झाल्यावर मी पुस्तक काढलं. मेंढपाळाचं स्तोत्र उघडलं. म्हटलं, याच्याइतकं गोड दुसरं कुठलं? एक ओळ वाचली असेल नसेल, शांता उठून मागच्या दारी गेली. मी मागोमाग.

"काय झालं गं?"

"ते नको, आक्का. माती देताना तेच म्हटलं होतं सर्वाईनं. ते आलं का मले फावड्याचा आवाज येते."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्या लोकांत माणूस मातीला नेताना तेच म्हणतात, आणि मी तेच घेऊन आले सांत्वनाला! पुस्तक मिटलं. त्यानंतर दोन दिवस मी वैद्यपण सोडून दिलं. आम्ही दोघी धरणावर जाऊन आलो. पाण्याच्या कडेला बगळे, पलीकडे जंगलाची काळी रेघ. पाण्यात पाय सोडून बसलो, लाडू खाल्ले. तिने एकदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी मनात म्हटलं, देवा, तू इथे नाहीस असं ही म्हणते. तूच काय ते बघ, माझ्याच्यानं होत नाही.

सेलूच्या बाजाराचा दिवस आला. शेवटचा बाजार करायचा आणि दुसऱ्या दिवशी निघायचं, असं ठरलं होतं. उजाडताच आम्ही वावरात. दव पडलेलं, सांभाराचे वाफे हिरवेगार. तिकडची तोडणीची पद्धत सांगते. वाफ्याच्या एका टोकाला एकजण, दुसऱ्या टोकाला दुसरा, दोघं उपटत उपटत मध्ये येतात. मुळं झटकायची, मूठभर झालं की जुडी बांधायची. याकोबराव आणि शांता असेच दोन टोकांनी निघायचे, आणि मध्ये भेटेस्तोवर एक स्तोत्र पुरं व्हायचं.

आता याकोबरावांच्या टोकाला मी होते. मला राहवलं नाही. देवाकडे तक्रार करणाऱ्या स्तोत्राची त्यांची ती चाल मी धरली आणि पुस्तकातले शब्द तिच्यात घालू लागले. बसेनात. एक शब्द लांब पडे, दुसरा चालीच्या बाहेर लोंबे. आणि पोरींनो, शांता हसली! मग हसता हसता तिथेच वाफ्यात बसली आणि रडायला लागली.

"पुस्तकातलं नसे ते, आक्का. ते स्तोत्र वाचत आन् मंग आपल्या बोलीत ओवी बांधत. त्याईची ओळ पयली, माही दुसरी. मले अर्धीच येते! रोज सकाळी तोंड उघडते, तं माही ओळ येते, त्याईची येतच नाई. शेवटचा शब्द तेवढा आठवते, जिथून मी उचलत होती. आता उत्तरच हाय माह्याजवळ. हाक कोण मारन?"

तेव्हा मला कळलं. तिचा देव गेला म्हणजे काय झालं होतं ते. वीस वर्षं ती देवाशी दोघांत बोलत आली होती. एका बाजूचा आवाज थांबला, तर तिला वाटलं तिकडचं सगळंच थांबलं. आणि माझ्या पिशवीतल्या पुस्तकात त्या ओळी नव्हत्या.

एवढ्यात धुऱ्याच्या (बांधाच्या) पलीकडून आवाज आला. "अवं आक्का, चाल बरोबर हाय, पण शब्द चुकून राह्यले. याकोबभाऊ असं नोते म्हणत."

ही सिंधूबाई. शेजारचं वावर तिचं. वांगी-पालक लावते, कपाळाला ठसठशीत कुंकू, दर चतुर्थीला उपास करणारी. हातात पालकाची जुडी तशीच धरून ती धुऱ्यावर चढली, घसा खाकरला आणि याकोबरावांसारखाच आवाज जाड करून म्हणाली,

"काऊन देवा, पाठ फिरवून बसला..."

शांता तिच्याकडे पाहतच राहिली. मग तिच्या तोंडून आपोआप, बारीक, कापत निघालं,

"मी हाका मारून राह्यली, गळा माहा सुकला."

"किती दिवस रे मले विसरून राहशील..."

"अंधार झाला देवा, कंदील कधी लावशील."

मी हातातला सांभार खाली ठेवला. शांता उठली, पदराने तोंड पुसलं आणि सिंधूबाईवरच उखडली. "काय वं सिंधे! तुले येत होतं तं सांगितलं काऊन नाई? कवाची मुकी बसली हाय मी!"

"अन् तू विचारलं काय मले? भाऊचा आवाज असा, का मायी म्हैस कान टवकारे. तुया आवाज तं धुऱ्याच्या इकडे येतच नसे. मले वीस वरसं त्याईचीच ओळ आयकू आली. तुयी ओळ आज पयल्यांदा आयकून राह्यली मी!" मग ती जरा हळू झाली. "मी रोज म्हणो, मनातल्या मनात. मोठ्यानं म्हटलं तं तुले लागन, म्हून गुमान राह्यली."

"लागलं," शांता म्हणाली. "पण म्हण. समोरची ओळ म्हण."

सिंधूबाई धुरा ओलांडून आली आणि याकोबरावांच्या टोकाला बसली. मी बाजूला सरकले. दोघी दोन टोकांनी निघाल्या. मुळांची माती झटकत, एकीची हाक, दुसरीचं उत्तर. शेवटची ओळ मला पाठ झाली आहे. सिंधूबाई म्हणायची, "रागावलो तुयावर, तरी तुयाच दारी." आणि शांता म्हणायची, "येजो देवा लवकर, मी हाय घरी."

दोघी मध्ये भेटल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. सिंधूबाई म्हणाली, "तुमचा देव लयच ऐकून घेते वं. आमच्या गणपतीले येवढं टाकून बोलाची माही हिंमत नाई."

शांता म्हणाली, "जवळच्यालेच बोलते ना माणूस."

त्या दिवशी बाजारात सांभार हातोहात गेला. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सकाळी उठून पाहते तर पेटी उघडी, आणि पेटीची दोरी गायब. मागे जाऊन बघितलं तर शांता वालाच्या वेलाला आधार बांधत होती. त्याच दोरीने. मला पाहून म्हणाली, "आक्का, रागावशील?"

"रागावेन तर! लाडू सगळे मीच संपवले, आता परतीला काय खाऊ?"

तिने मला भाकरी, मिरचीचा ठेचा आणि सांभाराच्या जुड्या बांधून दिल्या. पिशवीत जागा होईना, म्हणून स्तोत्रसंहिता काढून तिच्या कोनाड्यात ठेवली. तिला वाचता येत नाही, पण तुमच्यापैकी कोणी गेलं तर वाचून दाखवेल. मग ती आणि सिंधूबाई नव्या ओव्या बांधतील. याकोबरावांनी पुष्कळ स्तोत्रं राहू दिली आहेत अजून.

येताना गाडीत मी कुणाशी फारशी बोलले नाही. हसू नका, खरंच. खिडकीबाहेर तुरीची वावरं पिवळ्या फुलांनी भरलेली होती. मी विचार करत होते. मला वाटायचं देवाचं सांत्वन पुस्तकात असतं आणि आपण ते उघडून द्यायचं. ते असतंच पुस्तकात. पण शांताची हरवलेली ओळ त्याने आधीच राखून ठेवली होती, धुऱ्यापलीकडे, कुंकू लावलेल्या बाईच्या गळ्यात. मी जालन्याहून निघायच्या कितीतरी आधी. ती कुठेही गेली असती तरी तो असताच तिच्याजवळ. पण ही ओळ तिला हिंगणीतच मिळायची होती.

निघताना सेलूच्या स्टँडवर शांता खिडकीला धरून उभी होती. बस हलली तशी चालत चालत म्हणाली, आणि हे तिने तुमच्यासाठी सांगितलंय, म्हणून जसंच्या तसं सांगते. "पोरींले म्हणजो, मावशी रुसली हाय तुमच्यावर. पण मांडवाले शेंगा लागल्या. लवकर येजो म्हणा, मी हाय घरी."