पांढरं दिसलं तरी

दात काढून झाला की डॉक्टर अंगठा आणि तर्जनी हिरडीच्या दोन बाजूंना लावून ती जागा थोडा वेळ दाबून धरत. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग दुसऱ्या हाताचं एक बोट पेशंटच्या डोळ्यांसमोर उभं करून विचारत, "पांढरं दिसलं तरी?"

पेशंटच्या तोंडात कापसाचा बोळा असे. तो कसाबसा म्हणे, "हा हावायहा हाई."

"काय? ऐकू न्हाई आलं."

"हाह हावायचा न्हाई!"

तोवर बाहेर बाकावर बसलेली मंडळी हसत हसत ते वाक्य पुरं करत, "हात लावायचा न्हाई!" पहिल्यांदा येणाऱ्याला आपण चुकून शाळेत शिरलो की काय असं वाटायचं.

धारूरच्या बाजारात, खत-बियाण्यांच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून गेलं की हा दवाखाना होता. तिथे मी चौदा वर्षं काम केलं. केसपेपर लिहायचे, अवजारं स्वच्छ करायची, दिवा धरायचा, डॉक्टर मागतील ते हातात द्यायचं. मराठी घेऊन एम.ए. झाले होते, पण शिकवायची नोकरी काही मिळाली नाही. इथे माणूस हवं आहे असं कळलं. भेटायला गेले तेव्हा गर्दी होती, म्हणून पुस्तक काढून वाचत बसले. तासाभराने डॉक्टर दारात आले.

"रक्त बघून चक्कर येती का?"

"अजून बघितलेलं नाही."

"मग उद्यापासून या. मघापासून बघतोय, वाचताना हालत न्हाईत तुमी. दिवा धरायला असंच माणूस लागतं."

डॉक्टर मेंढपाळाच्या घरातले. किल्ल्यामागच्या डोंगरात वाढलेले. त्यांचा एक लहानपणचा मित्र अधूनमधून जिना चढून यायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचा, "बे, तू मेंढराचं तोंड उघडून वय सांगायचा. आता माणसं बी बाजाराला काढली का?" डॉक्टर त्याचा जबडा हातात धरून म्हणत, "हे जनावर म्हातारं हाय. कुणी घेऊ नका." मित्र खूश होऊन चहा पिऊन जायचा. दात दाखवायला मात्र तो कधीच खुर्चीत बसला नाही.

आईविषयी डॉक्टर फारसं बोलत नसत. एकदाच सांगितलं. त्या माउलीचे दात आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाने एकेक करून उपटले होते. पुढे मुलगा दातांचा डॉक्टर झाला आणि त्याने पहिली कवळी आईसाठीच केली. ती बसेना. दात गेला की त्याच्या मुळाभोवतीचं हाड बिनकामाचं होऊन झिजत जातं, आणि तिचं हाड तोवर पाटीसारखं सपाट झालं होतं. कवळीला धरायला काही उरलंच नव्हतं. तरी पाहुणे आले की ती कवळी लावायची, जिभेने वर दाबून धरायची आणि पाहुणे जाईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायची नाही. लोकांना वाटायचं, मुलगा डॉक्टर झाला म्हणून म्हातारी शेफारली. "भाकर चावून खाईन म्हणली होती," एवढं सांगून डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तुमच्यापैकी कुणी आमच्या भागात राहिलं असेल तर त्याला ठाऊक असेल. दसरा झाला की वाड्या-तांड्यांवरची निम्मी घरं ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. निघायच्या आधीच्या पंधरा दिवसांत आमचा जिना रिकामा नसायचा. दुखरा दात असो, नुसता किडलेला असो, सगळ्यांचं एकच मागणं. "काढून टाका डाक्टर. तिकडं सहा महिने कटकट नको." एकदा एका बाईने जराशाच किडलेल्या तीन दाढा काढायला सांगितल्या. डॉक्टर तिच्यावर नाही, खिडकीबाहेर बघून चिडले. "दात काढा, पिशवी काढा. आपल्याकडं बाईमाणसाचं जे दुखंल ते काढूनच टाकायचं शिकवलंय सगळ्यांनी." ती बाई खाली मान घालून बसली. तिचं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन आदल्याच वर्षी झालेलं होतं. मग डॉक्टरांनी आवाज खाली आणला आणि तिन्ही दाढा भरून दिल्या.

जो दात काढावाच लागे, त्याच्या खड्ड्यात ते एक पांढरी, स्पंजासारखी जाळीदार वस्तू ठेवत आणि वरून विरघळणारे टाके घालत. ती काय आहे हे सांगायची त्यांची रीत ठरलेली होती.

"स्लॅब टाकताना खालून सेंट्रिंग लावतेत का न्हाई?"

"लावतेत."

"कावून?"

"ओला माल खाली येऊ नये म्हणून."

"तसंच हे. खड्ड्यात हाड भरस्तोवर जागा धरून ठेवतं. स्लॅबचं सेंट्रिंग काढाया माणूस यावं लागतं. ह्याला कुणी यावं लागत न्हाई. तुमी तिकडं ऊस तोडत असताना हे आपलं आपण विरघळून जातं."

"जातं कुठं?"

"तुमच्याच अंगात."

"म्हणजे मागं काय राहत न्हाई त्याचं?"

"हाड राहतं की."

हे सगळं समजावून झालं की घरी न्यायला मी लिहिलेला एक कागद असे. पाकिटातल्या इंग्रजी पत्रकावरून मी तो मराठीत केला होता. त्याचा मला अभिमान होता. त्यात चौथी सूचना अशी होती: 'जखमेत स्थापित केलेल्या विद्राव्य पदार्थास कोणत्याही प्रकारे विचलित करू नये.'

मीरा पहिल्यांदा आली ती अशाच एका दसऱ्याच्या सुमारास. डोंगराखालच्या वाडीवरची, पस्तिशीची, मोठ्याने हसणारी. आदल्या मोसमात गाडीत मोळी टाकताना उसाचा बुडखा तोंडावर बसला होता. वरचा पुढचा एक दात मुळापासून चिरला होता, शेजारचाही दुखावला होता. हसताना ती पदर तोंडावर धरायची, आणि ती सारखीच हसत असल्यामुळे पदर खालीच येत नव्हता. चिरलेला दात काढला, पांढरी जाळी बसवली. मोसम संपवून आलीस की हाडात पक्का दात बसवून देतो, डॉक्टर म्हणाले. मी तिच्या हातात कागद दिला. तिने तो घडी करून बटव्यात ठेवला.

परत आली ती मार्च संपताना. खुर्चीत बसायच्या आधीच डॉक्टरांना म्हणाली, "डाक्टर, तुमी बी ना! खड्ड्यात कापूस इसरला होता. तिसऱ्या दिवशी सासूला दिसला. तिनं बाभळीच्या काट्यानं सगळा काढला बघा, एक तूस ठेवलं न्हाई. न्हाई तर सडलं असतं."

तिने ओठ वर उचलून दाखवला. तिथे हिरडी आत गेली होती, मळलेल्या पिठात अंगठा दाबल्यासारखी. माझ्या हातातला दिवा हलला. चौदा वर्षांत तेवढ्या एका वेळी.

डॉक्टरांनी दोन बोटांनी ती जागा चाचपून पाहिली. मग म्हणाले, "बरं केलं सासूनं. लक्ष हाय म्हातारीचं."

चूक त्यांनी तिला सांगितली नाही. दुखावलेला शेजारचा दात तेवढा तपासला, अजून वर्षभर तगतो का बघू म्हणाले आणि तिला पाठवून दिलं. ती गेल्यावर माझ्यापुढे हात केला. "ताई, तो कागद बघू."

त्यांनी चौथी सूचना पुटपुटत वाचली. दोनदा वाचली. "तुमचं मराठी लई शुद्ध हाय ताई," ते म्हणाले. "पण कुणाच्या तोंडात जात न्हाई."

मी रडेन असं वाटून की काय, त्यांनी लगेच चहा सांगितला. म्हणाले, "चूक माझी. पांढरं दिसंल हे सांगायचं राहिलं. कापूस पांढरा, हे बी पांढरं. त्यांनी काय करावं?" त्या दिवसापासून कागद बंद झाला. त्या दिवसापासून डॉक्टर बोट उभं करून विचारू लागले.

पुढच्या दसऱ्यानंतर मीराचा तो शेजारचा दातही काढावा लागला. त्या दिवशी ते काम त्यांनी जेवढ्या सावकाशीने केलं तेवढं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. ही एक जागा टिकली तर तिच्या आधारावर दोन्ही दात बसवता येणार होते. ही गेली तर मग काही नाही. टाके घालून झाल्यावर त्यांनी तिच्याकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन चौथ्यांदा विचारलं. खाली रस्त्यावरून, पदर तोंडाला लावून, तिने हात हलवला.

दिवाळी झाली आणि डॉक्टरांचं जेवण तुटलं. पोटाचं दुखणं निघालं. अंबाजोगाई झालं, लातूर झालं, आणि संक्रांतीनंतर त्यांना घरी आणलं ते परत कुठे न्यायचं नाही असं ठरवूनच. मी रोज दुपारी जाऊन बसायची. दवाखान्यात कोण येऊन गेलं ते सांगायची. कुणाला कुठल्या गावच्या डॉक्टरकडे पाठवायचं ते ते मला सांगायचे. शेवटी विचारायचे, "मीरा आली का?"

"मोसम चालू आहे अजून."

"चार महिने होतील आता. भरली असंल जागा." मग बोटांवर महिने मोजायचे. तिच्या नवऱ्याचा फोन मी दोनदा लावून पाहिला, बंद होता. तिसऱ्यांदा कुणी भलत्याच माणसाने उचलला.

फाल्गुनात त्यांचं पाणी पिणंही चमच्यावर आलं. वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवायच्या. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा तेच विचारलं. मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "आली होती, डॉक्टर. काल येऊन गेली. जागा पूर्ण भरली आहे."

त्यांनी विचारलं, "हाताला कशी लागली?"

ती जागा हाताला कशी लागते हे मला ठाऊक नव्हतं. मी फक्त दिवा धरत आले होते.

"गोलाकार," मी म्हटलं. "आणि सुस्थितीत."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "ताई," ते म्हणाले, आणि मला कान जवळ न्यावा लागला. "तुमचं मराठी लई शुद्ध हाय. खोटं त्यात बसत न्हाई." मग माझ्या हातावर दोन बोटं ठेवली आणि जराशी दाबली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मीरा पंधरा दिवसांनी आली. मी दवाखाना आवरत होते. कपाटं रिकामी झाली होती, खुर्ची न्यायला टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता. जिन्यावर पायांचा आवाज आला. उन्हाने काळवंडलेली, उसाच्या पात्यांनी हात चिरलेली ती सरळ आत आली आणि मी काही बोलायच्या आत खुर्चीत जाऊन बसली.

"पांढरं दिसलं," ती म्हणाली.

"मग?"

"हात न्हाई लावला. सासूनं दोन डाव काटा आणला. म्हणली, डाक्टर परत इसरला. मी तोंडच उघडलं न्हाई. दोन दिस भाकर न्हाई खाल्ली, पण तोंड उघडलं न्हाई."

पुढचं सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला चुटपूट राहायला नको. मी तिला अंबाजोगाईला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, हे काम कुणाचं? तिचे दोन्ही दात बसले. आता ती हसते तेव्हा पदर खांद्यावर असतो.

पण मला ती अजून त्या खुर्चीतच दिसते. मी हात धुतले, हातमोजे चढवले. तिने ओठ वर केला. मी अंगठा आणि तर्जनी हिरडीच्या दोन बाजूंना लावली, ते लावत तशी. जागा भरलेली होती. सुपारी तोंडात धरावी तशी घट्ट, वाटोळी. हे मला पंधरा दिवस आधी सांगता आलं असतं तर.

"डाक्टरला बोलवा की," ती बोटांखालून अडखळत म्हणाली. "त्यांना दावते. ते आल्याबिगर मी तोंड मिटणार न्हाई."

आणि मान मागे टाकून, डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून ती वाट बघत राहिली. मी हात पुसले. तिला अजून सांगितलं नव्हतं. मी दिवा लावला आणि तिच्या तोंडावर धरून, न हलता, उभी राहिले.