गुरुजींचं जाकीट
होळीतून ओढून काढलेल्या नारळाचा करपट, गोडसर वास आला की मला गुरुजींचं काळं जाकीट आठवतं. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आमच्या आगरदांड्याजवळच्या गावात सरपंचपदाला उभे होते, आणि ईदला शेजाऱ्यांकडे शिरखुर्मा खाल्ला एवढ्यावरून त्यांनी गुपचूप धर्म बदलल्याची आवई कुणीतरी उठवली होती. त्या आवईचीच खिल्ली उडवायची म्हणून शिमग्यात मी गुरुजींच्या घरी जाऊन काकूंकडून गुरुजींचं रोजच्या अंगातलं जाकीट मागून आणलं आणि डोक्यावर गोल टोपी, गळ्यात क्रूस, हातात टाळ असं सोंग घेऊन होळीपुढे नाचलो, "अजून एखादा धर्म राहिला असंल तर सांगा, तोपन घेतो!" सगळ्यात मोठ्याने गुरुजीच हसले. आमच्याकडे शिमग्यात कुणी कुणाला काहीही बोलावं, ते होळीबरोबर जळतं. पण कुणीतरी मोबाइलवरच्या व्हिडिओतला माझा पाठमोरा, टोपी-जाकिटाचा तेवढा तुकडा कापून वाडीवाडीत 'हा घ्या पुरावा' म्हणून फिरवला, आणि गुरुजी निवडणुकीत पडले. जाकीट धुऊन परत द्यायला गेलो तेव्हा मी एवढंच म्हणालो, "यापुढे सोंग नाही घेणार." "खुळा हायस काय? सोंग घे," गुरुजी म्हणाले, "होळीत टाकलेलं जळतं रे, फोनमधलं कुठं जाळायचं तेवढं शोध." यंदा गुरुजी पुन्हा उभे राहिले, तसा तोच तुकडा माझ्या फोनवर आला. मी खाली लिहिलं, 'हा मी आहे.' लगेच उत्तर आलं, 'गुरुजींसाठी किती खोटं बोलशील?'