कुंपणामागचा पाला

तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, तेही नीट सांगता येत नाही. बायकोला यातलं अर्धं ठाऊक आहे. उरलेलं तिनं विचारलं नाही आणि मी आजवर कुणापुढे काढलं नाही. मी! कुंभिवलीच्या नाक्यावर ज्याचं तोंड कधी मिटलं नाही तो! बिबट्याला बिडी पाजल्याची माझी गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. ती खोटी आहे. पण ती सोडा — तिच्यात कुणाचं काही गेलं नाही.

रसायनीच्या एका कारखान्याच्या गेटावर मी तीस वर्षं वॉचमन होतो. उभा म्हणजे उभाच. त्यातून डाव्या घोट्याच्या वर जखम झाली. चार वर्षं भरेना. तालुक्यातला एकही कंपाउंडर मी सोडला नाही. नाक्यावर सांगायचो, घोणस चावली — आणि चावून तीच मेली. शेवटी पनवेलच्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायाची सोनोग्राफी करू.

पायाची? आमच्याकडे सोनोग्राफी म्हणजे पोटुशी बाई. बाकावर नऊ जणी आणि दहावा मी, डोक्यावर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी. एकीनं सरकून जागा दिली, म्हणाली, ‘काका, सुनेला आणलंत का?’ मी हो म्हणालो. आणि मग नाव पुकारलं ते माझंच.

आत पायाला गार, चिकट जेल लावलं, आणि पडद्यावर माझी शीर. तिच्या झडपा निकामी झालेल्या. वर जायचं रक्त खाली उतरून साचत होतं, म्हणून जखम भरत नव्हती. बाईंनी पडद्याकडे बघत बघत नेमकी त्याच शिरेत सुई घातली, फेसासारखं औषध सोडलं, शीर बंद केली. वरून घट्ट पट्टा. तीन महिन्यांत जखम भरली. एवढंच. सापबिप काही नाही.

नाक्यावर पाय दाखवला तेव्हा कुणीतरी विचारलं, कशानं रं? आता बघा — खरं सांगायला किती वेळ लागला असता? पण तो बाक डोळ्यांपुढे आला, आणि सगळ्यांचं हसणं आधीच कानात वाजलं. म्हणालो, पाल्यानं. राजमाचीच्या कड्यावरच्या. दोर लावून उतरावं लागतं.

सगळे हसले. दामू हसला नाही. दामू हायवेला भजी तळायचा, दिवसभर कढईपुढे उभा. त्याच्याही घोट्याला तशीच जखम. ‘मला बी आनशील का रं?’ म्हणाला.

आणला. कड्यावरचा नाही — कंपनीच्या कुंपणामागचा, हाताला लागला तो. वाटलं, आठवडाभर बांधील, कंटाळेल, मग हळूच सांगू. तो कंटाळला नाही. दीड वर्ष दर रविवारी मी पिशवी भरून नेत होतो. का नेत होतो? न्यायचा थांबलो असतो तर उघडा पडलो असतो म्हणून? की त्या घरात मला वैद्यासारखा मान मिळत होता, तो आवडला म्हणून? खरंच उलगडत नाही. जखम तळहाताएवढी झाली. एकदा त्याची बायको माझ्यामागं दारापर्यंत आली — ‘भावजी, दवाखान्यात बी काय केलं असंल ना तुमी? यांना तिथं दावू का?’

इतकं सोपं करून दिलं होतं तिनं. मी म्हणालो, पाला उन्हात ठेवत जाऊ नका.

दामूला कढईपुढे उभं राहवेना, तेव्हा त्याच्या मुलीनं त्याला पनवेलला नेलं. त्याच बाईंकडे. मी सोबत म्हणून गेलो आणि दाराबाहेरच थांबलो — बाईंनी ओळखलं असतं. मुलीनं बाहेर येऊन सांगितलं: शीर तशीच, औषध तेच, जखम भरेल. पण घोटा आखडला तो आता पुरता सुटायचा नाही. वर्षापूर्वी यायला हवं होतं म्हणाल्या.

मागून दामू लंगडत आला, बायकोच्या आधारानं. माझ्या खांद्यावर हात टाकला.

‘काय बी म्हन, तुज्या पाल्यानंच इतके दिस पाय टिकला रं. नायतर कवाच गेला असता.’

त्याची बायको माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, ‘मग! सांगत काय होतो!’