अंड्युलेटर आणि आभारप्रदर्शन

आमच्या महाविद्यालयात आभारप्रदर्शन अशा माणसाकडे देतात, ज्याला बोलू द्यायचं नसतं. तोवर निम्मे श्रोते दाराकडे आणि उरलेले नाश्त्याच्या पाकिटांकडे बघत असतात.

इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रावर, महिनाभर प्रयोग करण्याचा प्रस्ताव मी लिहिला होता. तो मंजूर झाला तेव्हा आमचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, घरदार टाकून तुम्ही कुठं राहाल तिथं? मीच जातो." ते गेले, परत आले, आणि त्यांचा सत्कार ठरला, व्याख्यानासकट. काम त्यांचंच, असं विद्यार्थ्यांनीही धरून टाकलं. त्या मुलांसमोर ते माझं म्हणून मला परत हवं होतं. आभार माझ्याकडे होते.

सरांनी पडद्यावर माझ्या प्रस्तावातलीच चित्रं लावली. अंड्युलेटर म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या चुंबकांच्या दोन ओळी, ध्रुव आलटून पालटून. मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं जातो, डावीउजवीकडे हेलकावतो आणि हेलकावताना प्रकाश सोडतो. इथवर ठीक होतं. मग सरांनी स्वतःचं एक वाक्य घातलं. "ओळी जवळ आणा, चुंबक जोरदार होतं, आणि क्ष-किरण तितके जास्त भेदक!"

टाळ्या पडल्या. नागपूरहून आलेले प्रमुख पाहुणे, निवृत्त प्राध्यापक, छताकडे बघू लागले.

शेजारी बसलेली माझी मैत्रीण रसायनशास्त्र शिकवते, हिंगणीची आहे. तिनं मला कोपरानं ढोसलं. "चुकले ना थे? मंग तू काऊन हासून राह्यली?"

"अध्यक्षांचं भाषण होऊ दे."

"थे झाल्यावर कोणालेच बोलता येत नाई."

"म्हणूनच."

"जाय मंग. सोडजो नको!"

अध्यक्षांचं भाषण आटोपलं. मी मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, पाहुण्यांचे आभार मानले. मग म्हणाले, "सरांचे विशेष आभार. विद्यार्थी जागे आहेत का हे बघायला त्यांनी एक वाक्य मुद्दाम उलटं सांगितलं. ओळी जवळ आणल्या की इलेक्ट्रॉन जास्त रुंद वळणं घेतो, त्यामुळे पुढं सरकण्यात किंचित मागं पडतो, आणि प्रकाशाची लहर आखूड व्हायच्या ऐवजी लांबते. म्हणजे किरणांचा भेदकपणा कमी होतो. सर ज्या प्रस्तावावर इंदूरला गेले, तो लिहिताना हे गणित मी स्वतः केलं, म्हणून ही गंमत माझ्या लगेच लक्षात आली."

पाहुणे खो खो हसले आणि त्यांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. मागून एक मुलगी ओरडली, "मॅडम, प्रस्ताव तुमचा होता?"

"माझाच," मी माइकवर म्हणाले. सर खुर्चीतून अर्धे उठले, माइककडे हात केला.

"आता राष्ट्रगीत," मी म्हटलं.

सगळे उभे राहिले. सर व्यासपीठावर सावधान. सत्काराची शाल एका खांद्यावरून घसरत होती आणि त्यांना ती सावरता येत नव्हती. शाळा सुटल्यापासून इतक्या मोकळ्या आवाजात मी राष्ट्रगीत म्हटलं नव्हतं.