व्हिसावरचा स्टोअरकीपर

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका रंगाच्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. व्हिसावर मात्र एकोणीस वर्षं स्टोअरकीपर होतो. करणी माझीच. रुजू झालो तेव्हा कंपनीत व्हिसाचं बघणारा म्हणाला, "साब, डिग्री अटेस्ट नहीं है. स्टोअरकीपर डाल दूँ? जल्दी हो जाएगा." बायको आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन पुण्यात वाट बघत होती. मी म्हटलं, "यल्ला, डाल दो." इथे असे पुष्कळ असतात. आमच्या इमारतीतला एक इंजिनिअर कागदोपत्री गवंडी आहे. त्याला आम्ही भिंत बांधून मागायचो आणि हसायचो.

मुलगी एकोणीस वर्षांची झाली तेव्हा कॅनडातल्या एका प्रांताकडे नॉमिनेशनसाठी अर्ज केला. प्रांताने निवडलं की तिथे कायमचं राहता येतं, आणि बावीस वर्षांच्या आतली मुलं सोबत नेता येतात. इथे नोकरी गेली की मुक्काम हलवायचा. पुणं तिला सुट्टीपुरतंच माहीत. तिला कुणी 'निघा' म्हणणार नाही अशी एक जागा मिळावी, एवढ्यासाठी तो खटाटोप होता.

नकार चार ओळींचा आला. अनुभवपत्रात केमिस्ट, सरकारी नोंदीत स्टोअरकीपर, म्हणून अनुभव धरता येत नाही. त्यांच्यावर काय चिडणार? चिडलो स्वतःवरच, आणि तो राग अजून गेलेला नाही.

डिग्री अटेस्ट करून आणली, व्हिसावरचा हुद्दा बदलून घेतला. पण नव्या हुद्द्यावर दोन वर्षं भरणं भाग होतं. "होईल, इन्शाल्ला," मी घरात म्हणत राहिलो. बायको एकदाच बोलली, "तुमची दोन वर्षं भरेपर्यंत तिचं वय थांबणार आहे का?"

ते थांबलं नाही. मागच्या महिन्यात मुलीला बावीस पूर्ण झाली.

परवा शनिवारी सकाळी, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या घरी, दुसरा अर्ज भरायला बसलो. टाईप करायला मुलगीच होती. त्या रकान्यांनी माझं डोकं फिरतं. मी पासपोर्ट वाचून दाखवत होतो. माझा झाला, बायकोचा झाला. सवयीने तिसरा उघडला आणि जन्मतारीख वाचायला लागलो.

"बाबा, दॅट वन इज नॉट नीडेड," ती म्हणाली. 'सोबत येणारी मुलं' या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने शून्य टाकलं आणि विचारलं, "नेक्स्ट?"